सावडीतली बंदूक

आधी माफी मागतो. आजवर मी परीक्षेची उत्तरं लिहिली आहेत, वसतिगृहातला पंखा बंद पडला की अर्ज लिहिले आहेत, आणि पाड्यावरच्या लोकांसाठी रेशनपासून तहसीलपर्यंतचे कागद लिहून दिले आहेत. त्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे असं काही लिहायचं झालं तर ते कसं लिहितात, हे विचारायलाही घरात कुणी नाही. शिवाय ही हकिकत माझी नाही, माझ्या बाबांची आहे. मी त्यांना विचारलं, लिहू का? ते विळ्याला धार लावत होते. म्हणाले, "लिही. पण मला लय चांगला करू नको. लोक वळखतात मला." तेवढ्या परवानगीवर लिहितो आहे. कुठे चुकलं तर ते माझं.

आमचा पाडा इगतपुरीच्या बाजूला, धरणाच्या वरच्या अंगाला आहे. खाली भाताची खाचरं आणि वर डोंगराच्या उतारावर वरकस जमीन. त्या हलक्या जमिनीत नागली आणि वरई होते. पाण्याची तक्रार करायची वेळ आमच्यावर फारशी येत नाही. आमची तक्रार रानडुकरांची. भाताच्या लोंबीत दूध भरलं की ती डोंगरातून उतरतात. खातात थोडं, तुडवतात जास्त. सकाळी खाचरावर गेलं तर रात्री तिथे कुस्त्या झाल्यासारखं दिसतं.

त्यासाठी आमच्याकडे बंदूक होती. एकनळी. आजोबांनी शेताच्या राखणीसाठी परवाना काढला होता आणि ते गेल्यावर तो बाबांच्या नावावर झाला. कणगीच्या वर खुंटीला, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ती टांगलेली असायची. बाबांनी तिने जनावर मारल्याचं मला आठवत नाही. ते हवेत बार काढायचे आणि तेवढ्याने कळप डोंगरात परत जायचा. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की सोडवून आणायची. बाबा ती घेऊन निघाले की आई म्हणायची, "निघाली माझी सवत माहेराला." तिला परत आणायला बाबांनी एक दिवस उशीर केला तर हीच आई कुरकुर करायची, कारण डुकरांना निवडणूक कळत नाही.

पाड्यावर बंदूक एकच होती आणि शेतं सगळ्यांची होती. आता सावडीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे भाताची आवणी म्हणजे लावणी असो, सोंगणी म्हणजे कापणी असो, मजूर लावून होत नाही. आज माझ्या शेतात तुझं घर, उद्या तुझ्या शेतात माझं घर. बैलही तसेच फिरतात. याला सावड म्हणतात. कोण कुणाकडे किती राबलं याचा हिशेब कुणी बोलून दाखवत नाही आणि कुणी विसरतही नाही. बंदूक सावडीत कधी गेली, हे बाबांनाही सांगता येत नाही. भात पिकायच्या दिवसांत प्रत्येक जण आपल्या खाचराच्या कडेला चार खांबांवर माळा बांधतो आणि रात्री त्यावर बसून राखण करतो. कळप ज्या बाजूला उतरायचा अंदाज असेल त्या बाजूच्या माळ्यावर बंदूक जायची. पुढे त्याच्या पाळ्या ठरल्या. काडतूस बाबा स्वतःच्या हाताने द्यायचे आणि सकाळी परत घ्यायचे. त्यांच्या मते एवढी काळजी पुरेशी होती. बैल देतो, माणसं देतो, आणि बंदूक तेवढी खुंटीला टांगून दुसऱ्याचं खाचर डुकरांना द्यायचं, ही गोष्ट त्यांच्या मनात बसणारी नव्हती.

मी नाशिकला पहिल्या वर्षाला होतो तेव्हा बंदूक पकडली गेली.

त्या दिवशी खालच्या घरच्या मामांची पाळी होती. हे माझे सख्खे मामा नाहीत, आईच्या कुळातले आहेत. पण लहानपणापासून बाबांबरोबर त्यांनी गुरं राखलेली, त्यामुळे बाबांना ते दाजीही म्हणतात आणि अरेतुरेही करतात. उन्हं कलल्यावर मामा खांद्यावर कुदळ टाकावी तशी बंदूक टाकून डांबरी रस्त्याने आपल्या शेताकडे निघाले होते. मागून पोलिसांची गाडी आली. ती दुसऱ्याच कामाला चालली होती. त्यांनी विचारलं, बंदूक कुणाची? मामांनी सांगितलं की दाजीची, पण आज आमची पाळी हाय. कसली पाळी, असं विचारल्यावर मामा घाबरले नाहीत. त्यांना वाटलं, यांना आपली पद्धत ठाऊक नाही, नीट सांगावी. मग काल ती कुणाकडे होती, उद्या कुणाकडे जाणार, पाळी चुकली तर काय करतात, हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या समजावून सांगितलं.

बाबांना निरोप मिळाला तसे ते मिळेल त्या जीपने ठाण्यात गेले. मामांना सोडवणं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तिथे ते म्हणाले, बंदूक माझी, मीच दिली, त्याचा काय दोष नाय. जबाब लिहून त्यांना वाचून दाखवला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, बरोबर लिवलंय म्हणाले, आणि सही केली. मामांना पुढे समज देऊन सोडलं. बंदूक ठाण्यातच राहिली. त्यानंतर नोटीस आली, बाबांनी जाऊन तेच उत्तर दिलं, आणि होळीच्या सुमारास परवाना रद्द झाल्याचा आदेश आला.

यात कुणी आमच्यावर अन्याय केला असं मला लिहायचं नाही. परवाना एका माणसाचा असतो, हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. हा नियम मी नंतर वाचला आणि तो मला पटला. अशी बंदूक वाईट हातात गेली तर काय होईल, हे आमच्या पाड्यावरच्या कुणालाही कळतं. फक्त मामांचा हात वाईट आहे असं आमच्या कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं, म्हणून नियमही कधी मनात आला नाही.

कॉलेजातल्या सरांना मी भीत भीत ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले की रद्द झालं म्हणजे संपलं असं नसतं, वरच्या कार्यालयात अपील करता येतं, पण मुदतीत करायला हवं. त्यांच्याच ओळखीने एक वकील मॅडम मिळाल्या. अपील दाखल झालं आणि त्यानंतर आम्ही सुनावणीची वाट पाहू लागलो.

बंदूक पकडली गेली त्या वर्षीचा उरलेला हंगाम आम्ही तिच्याशिवाय काढला. लोकांनी पत्र्याचे डबे वाजवले, खाचराभोवती जुन्या साड्या बांधल्या. मी माझी विद्या वापरायची ठरवली. वसतिगृहातल्या मित्राचा ब्लूटूथ स्पीकर मागून आणला, त्यात कुत्र्यांच्या भुंकण्याचा आवाज भरला आणि तो माळ्यावर लावून दिला. पहिल्या रात्री डुकरं आली नाहीत. पाड्यावरच्या खऱ्या कुत्र्यांनी मात्र स्पीकरला रात्रभर उत्तर दिलं आणि कुणाचा डोळा लागला नाही. दुसऱ्या रात्री डुकरांनी स्पीकरच्या खालचंच भात खाल्लं. सकाळी शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "तुझ्या डब्याला म्हणावं, भुंकतोस तर चाव पण." त्या वर्षी सगळ्यांच्या घरी भात कमी आलं. पुढच्या जूनमध्ये लोकांनी खालची खाचरं तेवढी लावली आणि वरची वरकस जमीन तशीच सोडून दिली. घरापासून लांब, उतारावरची ती जमीन बंदुकीच्या आवाजाशिवाय राखता येणार नव्हती. नागली न पेरलेला तो डोंगर मी पहिल्यांदा पाहिला. हिरवा होता, पण नुसत्या गवताने.

बाबा याबद्दल काही बोलत नसत. बोलत नव्हते ते मामाही. आधी ते रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, ते बंद झालं. सावड मोडता येत नाही, म्हणून आवणीला ते आमच्या खाचरात आले, सगळ्यांच्या आधी आले आणि सगळ्यांपेक्षा जास्त वाकले. दुपारी आईने सर्वांना वाढलं, तेव्हा मामांनी आपल्या कमरेचं फडकं सोडलं आणि बांधावर एकटे बसून घरची भाकरी खाल्ली. आईने हाक मारली तर म्हणाले, पोट बरं नाय. सावडीच्या दिवशी ज्याचं शेत त्याच्याच घरचं जेवायचं असतं; आपली भाकरी आणणं म्हणजे अंतर ठेवणं, हे आमच्याकडे लहान पोरांनाही कळतं. बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

श्रावणात वकील मॅडमनी मला बोलावलं. सुनावणीची तारीख लागली होती. त्यांनी कागद पुन्हा वाचले आणि म्हणाल्या की सगळी अडचण एका वाक्याची आहे, वडिलांनी स्वतः दिली म्हणून सांगितलं आहे. मग त्यांनी विचारलं, शेजाऱ्याने न विचारता नेली असं म्हणता येईल का? वडील तेव्हा घाबरून बोलले असं मांडता येईल. पण खरं असेल तरच, असंही त्या लगेच म्हणाल्या. मी म्हणालो, विचारून सांगतो. खरं काय ते मला ठाऊक होतं, तरी मी विचारून सांगतो म्हणालो. बसमध्ये बसल्यावर मी मनातल्या मनात ते वाक्य जुळवत होतो.

घरी आलो तेव्हा दुपार होती आणि पाऊस उघडला होता. ओट्यावर बसून मी बाबांना सांगितलं. ते काही बोलायच्या आत आईने खालच्या घराकडे तोंड करून हाक मारली. ज्याच्यावर आळ घालायचा त्याच्या पाठीमागे बोलणं तिला पटत नव्हतं. मामा आले, ओट्याच्या खालीच उभे राहिले. मी अडखळत त्यांनाही सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांचा चेहरा उलट मोकळा झाला.

"दाजी, हेच म्हण," ते म्हणाले. "तू घरी नव्हता, मी खुंटीवरून काढली. चोरली म्हण. मी सायबापुढं सांगतो."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. "तू चोरली?"

"हां."

"अरे, माझी कोंबडी तुझ्या कणगीमागं अंडी घालायची, तर तू रोज सकाळी अंडं आणून द्यायचास. तुला चोर म्हटलं तर सायब माझ्यावरच केस करंल."

आई हसली. मीही हसलो. मामा हसले नाहीत.

"हसू नको. वरची जमीन पडीक पडली ती माझ्यामुळं. लोक तोंडावर म्हणत नाय, पण मला कळतं. मीच रस्त्यानं गेलो. बांधावरनं गेलो असतो तर कुणी बघितलं नसतं."

"तू लपूनछपून जायला काय चोर होतास?" बाबा म्हणाले. "आणि तुझ्यामुळं नाय. मी दिली म्हणून गेली. दिली नसती तर तुझं खाचर गेलं असतं. मग हिला काय तोंड दाखवलं असतं मी?" त्यांनी आईकडे हात केला.

तेव्हा मी बोललो. बाबा, नुसतं एक वाक्य आहे, मी म्हणालो, मामा स्वतः तयार आहेत. मी हे त्यांच्या भल्यासाठी म्हणत होतो, आणि म्हणताना माझा आवाज कुठल्या तरी ऑफिसमधल्या माणसासारखा झालेला मला ऐकू येत होता.

"एकच तर वाक्य मी ठाण्यात बोललो," बाबा म्हणाले. "दुसरं कुठून आणू?"

आईने मामांना चहा घ्यायला सांगितलं. मामा ओट्याला टेकले, पण कप रिकामा होताच उठून गेले. मी मॅडमना फोन केला. वाटलं होतं त्या वैतागतील. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग खरंच मांडू, फक्त चांगलं मांडू. त्यांनी मला बरंच काही विचारलं आणि त्यातून नवे मुद्दे काढले. इतक्या वर्षांत बंदुकीबद्दल एकही तक्रार नाही. प्रत्येक निवडणुकीला ती वेळेवर जमा केलेली आहे. पकडली तेव्हा ती भरलेली नव्हती. बाबा कुणी न बोलावता ठाण्यात आले होते. हे सगळं खरं होतं, आणि बाबांना त्यातलं काहीच सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. मॅडमनी एक सूचना मात्र बजावून दिली. अपील ऐकणारे साहेब विचारतील की पुन्हा कुणाला बंदूक द्याल का, तेव्हा वडिलांनी फक्त नाही म्हणायचं.

मी बाबांना हे फोनवर सांगितलं आणि नंतर आणखी एकदा सांगितलं. ते हूं म्हणाले.

सुनावणीला त्यांना घेऊन जायला मी आदल्या दिवशीच घरी गेलो होतो. सकाळी घोटीला उतरलो तर स्टँडवर मामा उभे. धुतलेली टोपी, हातात पिशवी. बाबांनी विचारलं, तू कुठं? मामा म्हणाले, नाशकाला माझं काम हाय. मामांचं नाशिकला कधीच काही काम नसतं. बसमध्ये ते आमच्या मागच्या सीटवर बसले. नाशिकरोडला आमच्याबरोबर उतरले, कार्यालयाच्या आवारातही आले आणि एका झाडाखाली उभे राहिले, जणू त्यांचं काम तिथेच होतं.

आत व्हरांड्यात बाकांवर माणसं बसली होती. बहुतेकांची भांडणं जमिनीची, वाटेची, नावं लागण्याची. बंदुकीचे आम्ही एकटेच असू. बाबा पुन्हा पुन्हा उठून पाणी पीत होते. मॅडम आल्या, बाबांना नमस्कार करून म्हणाल्या, घाबरू नका, विचारतील तेवढंच सांगा.

साहेब माझ्या कल्पनेपेक्षा तरुण होते आणि त्यांचा आवाज हळू होता. मॅडमनी मुद्दे मांडले. सरकारी बाजूने एक जण उठले आणि म्हणाले की हत्यार एकदा नाही, पाळ्या लावून फिरवलेलं आहे. ते खरंच होतं. साहेबांनी कागद चाळले आणि मग थेट बाबांना विचारलं.

"परवाना तुमच्या नावावर आणि बंदूक गावभर. हे चालत नाही, आता कळलं का?"

"कळलं सायेब."

"उद्या परवाना दिला, आणि शेजारी मागायला आला. देणार?"

मी बाबांच्या मागे उभा होतो. मला त्यांची मान तेवढी दिसत होती. एक शब्द बोलायचा होता आणि तो त्यांच्या तोंडून येत नव्हता. मॅडमनी मागे वळून पाहिलं.

"मागितल्यावर नाय म्हणायची आमच्यात रीत नाय, सायेब," बाबा म्हणाले.

मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मला वाटलं, संपलं. ते वरचं गवत आता तसंच राहणार, असं काहीतरी माझ्या मनात आलं, आणि बाबांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. हे सगळं एका क्षणात झालं असेल, कारण बाबांचं बोलणं अजून पुरं झालेलं नव्हतं.

"पण बंदूक नाय देणार," ते म्हणाले. "मी जाईन."

"म्हणजे?"

"ज्याची पाळी आसंल त्याच्या माळ्यावर मी जाऊन बसंन. बंदूक माझ्या हातात. बार मी काढीन. आधी ती फिरायची, आता मी फिरंन."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. "रोज रात्री?"

"भात पिकायच्या दिवसात. येरवी कशाला?"

"आणि तुमची स्वतःची शेती? रात्रभर जागून दिवसा काय कराल?"

"झोपंन," बाबा म्हणाले. "माझी सोंगणी बाकीचे करतील. सावड हाय ना."

साहेबांनी सावड म्हणजे काय ते विचारलं नाही. त्यांना ठाऊक असावं. त्यांनी मॅडमना विचारलं की हे अपिलात कुठे आहे. कुठेच नव्हतं. आम्हा कुणालाच ते माहीत नव्हतं, आणि मला वाटतं, ते पाणी पिता पिताच बाबांना सुचलं असावं. साहेब म्हणाले, हे लेखी हमीपत्र म्हणून आजच द्या, आणि दुसरं प्रकरण पुकारायला सांगितलं.

ते हमीपत्र मी लिहिलं. व्हरांड्यातल्या बाकावर, मांडीवर मॅडमची फाईल ठेवून. त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. बाबा शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होते. मध्येच म्हणाले, "लिही, की त्या टायमाला मीच दिली होती." मी म्हणालो, ते अपिलात आहे. "परत लिही." मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, लिहा, असू द्या. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे असं शाळेपासून सगळे म्हणतात, पण त्या दिवशी मी ते जितकं जपून काढलं तितकं परीक्षेतही काढलं नसेल.

निर्णय राखून ठेवला होता, म्हणजे तो नंतर कळणार होता. आम्ही बाहेर आलो. झाडाखाली मामा तसेच उभे होते. बाबांनी त्यांना काय बोललो ते सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. पण मामा म्हणाले, "म्हणजे म्हातारपणी रखवालदाराची नोकरी धरली."

"बिनपगारी," बाबा म्हणाले.

"माझ्या माळ्यावर येशील तर घोरायचं नाय. तुझ्या घोरण्यानं डुकरं पळतील ते ठीक, पण माझा माळा जुना हाय. खांब हलतील."

"मग नवा बांध."

"बांधतो. तू ये तर खरा."

तिथेच खाली बसून त्यांनी पिशव्या सोडल्या. मामांच्या पिशवीत भाकरी आणि ठेचा होता, बाबांच्या पिशवीत भाकरी आणि वालाची भाजी होती. दोघांनी एकमेकांचं काढून घेतलं आणि माझ्याकडे एकेक चतकोर सरकवला. मॅडम फाटकाबाहेर जाताना थांबल्या, तर मामांनी त्यांनाही आग्रह केला. त्यांनी उभ्या उभ्याच एक घास घेतला. ठेचा तिखट होता, त्यांना ठसका लागला, आणि बाबा धावत जाऊन पाणी घेऊन आले.

त्यानंतर मी वसतिगृहात परतलो आणि ते पाड्यावर. आमच्या इथे फोन लागतो तो देवळापाशी, तोही एका कोपऱ्यात उभं राहिलं तर. मी दर रविवारी ठरलेल्या वेळेला फोन करायचो. बाबा म्हशीचं सांगायचे, पावसाचं सांगायचे, जेवलास का विचारायचे. बंदुकीचं काही आलं का असं विचारायला माझी जीभ रेटत नसे. आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असं मी धरून चालत होतो, आणि नकार आला असेल तर ते सांगणार नाहीत, हेही मला ठाऊक होतं. मॅडमना दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, आदेश आधी तुमच्या घरी जाईल, मला कळला की कळवते, धीर धरा.

त्या दिवसांत मला कधी कधी वाटायचं की मी उगाच शिकतो आहे. जे वाक्य उपयोगी पडलं ते मी तयार केलेलं नव्हतं. मी जे तयार करत होतो ते बाबांनी नाकारलं होतं. पण हमीपत्र लिहायला तिथे कुणीतरी हवं होतं, आणि ते आमच्याच घरातलं होतं, बाहेरून आणावं लागलं नव्हतं. हा विचार फार मोठा नाही, पण त्याने मला बरं वाटायचं. मी पुढे कायद्याला जायचं मनात धरलं आहे. अजून घरी बोललेलो नाही.

मग दिवाळीच्या आधी परीक्षा सुरू झाली, आणि एका पेपरच्या मागे लागून माझा एक रविवार चुकला, पुढच्या रविवारी फोन लागला नाही.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मी नाश्त्याच्या रांगेत असताना मामांचा फोन आला. ते मोठ्याने बोलत होते, म्हणजे देवळाच्या कोपऱ्यात असणार. त्यांनी सांगितलं की हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची सोंगणी झाली, नवे तांदूळ भाजीच्या गाडीतून पाठवलेत, गाडी नाशकात द्वारका चौकात थांबेल, जाऊन घे. मी हो म्हणालो आणि बाबांना द्या म्हटलं.

"तो झोपलाय. उठवत नाय मी त्याला. रातभर माझ्या माळ्यावर होता, गरवं भात अजून उभं हाय ना."

"बाबा तुमच्या माळ्यावर कशाला?"

"कशाला म्हंजी? बंदूक घेऊन."

मी रांगेतून बाहेर आलो. विचारलं, बंदूक आली? मामा पलीकडे कुणाला तरी म्हणाले की पोराला ठाऊकच नाय. मग मला म्हणाले, "अरे, कागद तुझ्या नाशकातनंच निघाला. आम्हाला वाटलं, तुला आमच्या आधी कळलं असंल. दाजी म्हणत व्हता, पोरगं परीक्षेत हाय म्हणून फोन करत नाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पोलीस पाटलांनी निरोप आणला होता. रद्द केल्याचा आदेश वरून रद्द झाला होता आणि परवाना परत बाबांच्या नावावर होता. बंदूक त्यांनी स्वतःच्या हातातच ठेवायची, दुसऱ्याकडे द्यायची नाही, अशी अट घातलेली होती. बाबा ठाण्यात जाऊन ती घेऊन आले, त्यालाही आठवडा होऊन गेला होता. कळप एकदाच उतरला, एका बाराने वर गेला. आणि पाड्यावर बसून असं ठरलंय, मामा म्हणाले, की येत्या जूनला सगळ्यांनी वरच्या वरकसात पुन्हा नागली टाकायची.